वासावरून मीठ

शनिवार, १५ सप्टेंबर २००७. गणेशचतुर्थी. डार्मश्टाट

आज वरणात मीठ नव्हतं. अग्नी, वायू आणि पुस्तकांच्या कपाटावर बसवलेला शाडूचा गणपती यांना साक्षी ठेवून, पूर्ण जबाबदारीने, मी हे नोंदवतो आहे. राज्यं बुडतात, भाषा मरतात. मी जी शिकवतो ती तर केव्हाच मेली, असं माझे जर्मन विद्यार्थी मला दर सत्राच्या आरंभी सौजन्यपूर्वक कळवतात. पण लग्न झाल्यापासून आजतागायत यमुनेच्या वरणात मीठ चुकलं नव्हतं.

तिच्या माहेरची रीत अशी की, नैवेद्याचं चाखायचं नाही. चाखलं की उष्टं. मग मिठाचं कळायचं कसं? तर वासावरून. झाकण उचलायचं, वाफ एकदा नाकावरून जाऊ द्यायची आणि सांगायचं, 'अर्धा चमचा कमी आहे.' कमीच असतो. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, मग हुंगलेलं वरण कसं चालतं, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. 'मी हुंगत नाही, वाफच माझ्याकडे येते,' हे उत्तर मिळालं. तर्कशास्त्राची परीक्षा मी दिलेली आहे. या उत्तराला तोड नाही.

'गणपतीनं आज अळणी धरलंय का?' असं मी पान वाढल्यावर म्हटलं. ती हसली नाही. इथलं मीठच पुळचट, एवढं म्हणाली आणि मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवून आत गेली.

रविवार, १६ सप्टेंबर

महाराष्ट्र मंडळाचा गणपती. एका चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता. भिंतीवर येशू, खाली गजानन, दोघांच्या मध्ये ध्वनिक्षेपक. दोघांनीही तो सोसला.

नैवेद्याचे उकडीचे मोदक दरवर्षी यमुनेकडे. या भागात तिच्या मोदकांचं नाव आहे. लोक स्टुटगार्टहून येतात. आज पहिलाच घास घेतला आणि जीभ आक्रसली. खोबरं खवट. नुसतं खवट नव्हे, जुन्या कुलपात घालायच्या तेलासारखं. घास तोंडात फिरवत मी आजूबाजूला पाहिलं, तर सगळा हॉल तसाच घास फिरवत होता. परदेशातल्या मराठी माणसाइतका सभ्य प्राणी पृथ्वीवर नसेल. मंडळाची चिटणीस ऊर्मिला दोन मोदक संपवून उठली आणि यमुनेला म्हणाली, 'काकू, यंदा खोबरं जरा वेगळं होतं का हो? छान होतं, पण वेगळं.'

यमुनेचा चेहरा उतरला. तिनं तिथंच एक मोदक खाल्ला, सावकाश. मला वाटलं, आता दुकानदाराचा उद्धार होणार. पण ती फक्त म्हणाली, 'गोड आहे ना?'

परत येताना ट्राममध्ये मी त्या नारळवाल्याचा यथास्थित समाचार घेतला. ती खिडकीबाहेर बघत होती.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

दूध करपलं. मी बाल्कनीत पेपर तपासत होतो. तिथवर वास आला. खालच्या फ्राऊ लोरेंट्स जिन्यावरून ओरडून गेल्या. आणि यमुना? शेगडीपासून हातभर अंतरावर बसून मेथी निवडत होती. पातेल्यातून काळा धूर निघतोय आणि बाईसाहेब शांतपणे एकेक पान खुडतायत. स्थितप्रज्ञाची लक्षणं मुलांना समजावताना मी उगीच घसा कोरडा करतो. आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवायला हवं.

तसं म्हणालोही तिला. 'विचारात होते,' म्हणाली. कसला विचार, ते विचारायचं राहिलं. पातेलं घासायला मला बसवलं होतं.

बुधवार, ३ ऑक्टोबर. विमानतळावर

ज्या विमानतळाच्या नावात फ्रँकफुर्ट आहे आणि ज्याच्या आसपास फ्रँकफुर्ट नाही, अशा ठिकाणी बसून हे लिहितो आहे. चहूकडे जंगल आणि बटाट्याची शेतं. कॉफीला ओल्या पायपुसण्याची चव.

ही सगळी जावईबापूंची कृपा. नील गेर्लिंगेनला इंजिनियर आहे, आणि जर्मन इंजिनियर वर्षभर ज्याची वाट बघतो तो ब्रुकेनटाग त्यालाही प्रिय झालाय: सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्यात अडकलेला दिवस रजा टाकून जोडायचा, की पूल झाला. आज जर्मन ऐक्यदिन. त्यावरून पूल टाकून आम्ही स्पेनमध्ये उतरणार, व्हॅलेन्सियाला. अपूर्वा, म्हणजे आमची लेक, तिच्या जर्मन सवयीनं म्हणाली, 'आल्झो, बाबा, तुम्ही नाही म्हणायचं नाही. आईनं स्वतः मागितलंय.'

हे खरं आहे आणि हेच गूढ आहे. पितृपंधरवड्यात प्रवास नको, असं जिनं म्हणायचं तिनंच नीलला सांगितलं की, मला तिथला तो मोठा बाजार दाखव, मासळीचा, मांसाचा, सगळा. ही बाई पुण्यात मासळीबाजार टाळायला रिक्षा लांबून घ्यायला लावायची.

काल रात्री बॅग भरताना यमुना तिच्या आईच्या आठवणी काढत होती. सासूबाई शेवटी शेवटी मला विम्याचा एजंट समजायच्या. 'आमचे सगळे हप्ते भरलेत,' म्हणून दारातूनच परत पाठवायच्या. मी ही गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. नेहमी हसते. काल घडी घातलेलीच साडी पुन्हा उलगडून घडी घालत बसली.

गुरुवार, ४ ऑक्टोबर. व्हॅलेन्सिया

नाट्यशास्त्र शिकवताना बीभत्स रसापाशी माझी नेहमी अडचण होते. जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव, हे फळ्यावर लिहितो, पण जर्मन मुलांना उदाहरण काय द्यावं कळत नाही. आजपासून ती अडचण दूर झाली.

चौक जुना आहे आणि वेडावाकडा. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला पाचशे वर्षांपूर्वीचा रेशीमबाजार. आत दगडी खांब दोरासारखे पिळत छताला गेलेले, बघून मान दुखली पण मन निवलं. मग बाहेर येऊन वर पाहिलं, तर पन्हाळीच्या तोंडांशी कोरलेल्या आकृती अशा काही अवस्थेत बसल्यात की, मी अपूर्वाला ताबडतोब समोरचं चर्च दाखवायला लागलो. 'बाबा, मी एकतीस वर्षांची आहे,' म्हणाली आणि फोटो काढला.

आणि तिसऱ्या बाजूला बाजार. लोखंड, काच, रंगीत फरश्या, वर घुमट, घुमटावर वारा दाखवायला कोंबड्याऐवजी पोपट. एखाद्या देवळाला शोभेल अशी इमारत. आणि आत देव म्हणून काय बसवलंय? तर तंगड्या. डुकरांच्या, खुरांसकट, शेकड्यांनी, छतापासून टांगलेल्या. प्रत्येकीच्या खाली ठिबकणारी चरबी झेलायला एकेक पांढरी प्लॅस्टिकची टोपी. पुढे सोललेले ससे, डोळे तसेच. जाळीत भरलेल्या जिवंत गोगलगाई, एकमेकींच्या फेसातून वर चढताहेत. वजडी टॉवेलासारखी घडी घालून ठेवलेली. ट्रेमध्ये वळवळणाऱ्या वामी. एक बाहेर पडली, तर बाईनं ती पाय धरून, नव्हे, पाय कुठले, मध्येच धरून परत टाकली आणि त्याच हातानं नाक पुसलं. खालची फरशी ओली, आणि कशानं ओली हा विचार मी यत्नपूर्वक टाळला. वास तर असा की त्याला वजन होतं. तो अंगावर टेकत होता. मी कोलोनच्या पाण्यात भिजवलेला रुमाल नाकाला लावून शंकराचार्यांच्या थाटात मधल्या वाटेनं चाललो होतो. जावईबापू कागदाच्या कोनात डुकराच्या चकत्या घेऊन शेंगदाण्यासारख्या खात मागून येत होते. 'बाबा, बघायचं?' असं त्यानं विचारलं. मी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती सासऱ्यांना जन्मतः मिळत असावी.

आणि यमुना कुठं? मासळीच्या गल्लीत. पदर खांद्यावर घट्ट घेऊन, एकेका दुकानापुढे थांबत. मी लांबूनच हाक मारली. आली नाही. एका ठिकाणी तर पुढे वाकली, खारवलेल्या माशाच्या पांढऱ्या फळ्या होत्या तिथं, पार नाक टेकेपर्यंत. दुकानदारीण हसून 'ग्वापा, ग्वापा' म्हणाली. नीलनं अर्थ सांगितला: सुंदरी. यमुना वळली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या उग्र दर्पानं कुणाच्याही डोळ्यांत येईल.

'इतक्या जवळ कशाला गेलीस?' मी विचारलं.

'बघत होते,' म्हणाली.

हॉटेलच्या न्हाणीघरातून गटाराचा वास येतोय. खोली बदलून मागायला निघालो, तर म्हणते, 'राहू द्या हो, कशाला उगीच.' तिच्या अंगी हे वैराग्य कुठून आलं, माहीत नाही. मी रुमाल उशीवर पसरून झोपतो आहे.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

पुन्हा बाजार. यमुनेला केशर घ्यायचं होतं. घटस्थापनेच्या खिरीला. त्यासाठी पुन्हा त्या तंगड्यांखालून जाणं आलं. एका टोपीतला थेंब माझ्या कोटावर पडला. तो कोट मी आता घालणार नाही.

केशरवाला म्हातारा होता, जाड भिंगांचा. त्यानं डबीचं झाकण उघडून यमुनेपुढे धरलं. आता बघा मजा, मी अपूर्वाला म्हटलं. आमच्या घरी केशर, हिंग, तूप, यांत नाकाचा निवाडा एकट्या यमुनेचा. लक्ष्मी रोडवरचे दुकानदार तिला बघून आतली डबी काढायचे. तिनं डबी नाकाशी नेली. डोळे मिटले. बराच वेळ तशीच. मग डबी माझ्या हातात दिली.

'तुम्ही बघा.'

'मी?'

'कसं आहे सांगा. मी तुमच्यावर सोडलं.'

इतक्या वर्षांच्या संसारात नाकाच्या कामात माझा सल्ला प्रथमच घेतला गेला. मी फुशारलो, हे कबूल करायला हवं. वास घेतला. मधासारखा, थोडा सुक्या गवतासारखा, मागे किंचित औषधी कडवटपणा. उत्तम आहे, म्हणालो. 'मग घ्या,' म्हणाली. अपूर्वा तिच्याकडे बघत राहिली. तिचंही आश्चर्य मी समजू शकतो.

दुपारी मुलं समुद्रावर गेली. आम्ही दोघं रेशीमबाजाराच्या पायऱ्यांवर बसलो. समोर बाजार बंद होत होता. माणसं पाण्याचे फवारे मारून फरशा धूत होती आणि ते पाणी चौकात येत होतं. मी पाय वर घेऊन बसलो.

'काय काय वास येतोय, सांगा ना,' यमुना म्हणाली.

मी म्हटलं, तुला येत नाहीये का, सगळा गाव घाणीत बुडालाय.

'तुमच्या शब्दांत सांगा. तुम्ही छान सांगता.'

एवढं म्हटल्यावर मी थांबतो थोडाच. सांगायला लागलो. पहिला, मासळीचं धुवण, ओल्या नाण्यासारखं. त्याच्यामागे क्लोरीन. डाव्या हाताला कुणीतरी लसूण तेलात टाकलाय, तेल जुनं आहे. चर्चच्या दारातून मेणाचा. उजवीकडे संत्र्याच्या साली उन्हात तापल्यात. तंगड्यांचा, तो मात्र आता अंगाला चिकटलाय, जुन्या चामड्याच्या बॅगेत तूप सांडावं तसा. एक म्हातारा गेला, त्याच्या सिगारचा. आणि दगडाचा. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की येतो तो.

पृथ्वीचं लक्षणच मुळी गंध, असं शास्त्र म्हणतं, तेही ऐकवलं. दगडालाही गंध आहे, कारण तोही पृथ्वीच. ती डोळे मिटून ऐकत होती, पोथी ऐकतात तशी. मी थांबलो की, 'आणखी?' म्हणायची. दगडाचा पुन्हा एकदा सांगा, म्हणाली. माझं व्याख्यान इतक्या भक्तीनं कुणी कधीच ऐकलं नव्हतं. स्वारी रंगात आली होती, तेवढ्यात तिनं माझ्या कोटाची बाही धरली आणि धरूनच बसली. तो डाग पडलेला कोट.

सोमवार, ८ ऑक्टोबर. डार्मश्टाट

पुण्याच्या दैनिकाला पाक्षिक पत्र धाडलं. तंगड्या, टोप्या, गोगलगाई, सगळं घातलं. यमुनेवरही एक परिच्छेद: आमच्या सौभाग्यवतींना मासळीबाजारात ब्रह्मज्ञान झालं, वगैरे. संपादकांचा लगेच फोन, फक्कड जमलंय म्हणून.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर. घटस्थापना



सकाळी घट बसवले. यमुना आत खीर करत होती, मी बाहेर समई लावत होतो. जळका वास आला. करपल्याचा नव्हे, कापडाचा. आत गेलो, तर शेगडीवर टेकलेल्या फडक्याचं टोक धुमसत होतं आणि तिथून आग तिच्या पदराच्या काठाला लागली होती. ज्वाळा नव्हती, लाल कड, सरकत वर येणारी. ती पाठमोरी, दुधात केशर घालत होती. मी पदर ओढला, नळाखाली धरला. ती दचकली. माझ्याकडे बघितलं, पदराकडे बघितलं आणि खाली बसली.

वास कसा आला नाही, हे मी ओरडूनच विचारलं असणार.

'येत नाही,' ती म्हणाली. 'कुठलाच येत नाही.'

कधीपासून, विचारलं. अधिक महिन्यापासून, म्हणाली. जावयाच्या अनारशांना तांदूळ भिजत घातले होते. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटायला हवा. सुटेना. इथली हवा थंड, म्हणून तिनं आणखी ठेवले. मग अपूर्वा आली आणि दारातच म्हणाली, ई, आई, केवढा वास सुटलाय. ते अनारसे तुपात विरघळून गेले. मला आठवलं. 'अनारसे इतके हसले की सापडेनात,' असं मी तेव्हा नीलला सांगितलं होतं.

'मग स्पेनला?'

'म्हटलं, तिथं तरी येईल. इतका उग्र आहे म्हणतात. एखादा तरी येईल.'

'मला सांगायचं नाहीस?'

'तुम्ही पेपरात लिहिलं असतंत.'

ती हे चिडून म्हणाली नाही. नुसतं सांगितलं, मीठ संपलंय सांगावं तसं. आणि मी तर सोमवारीच लिहून बसलो होतो.

थोड्या वेळानं म्हणाली, 'आईचं विसरणं असंच सुरू झालं. आधी केवड्याचा वास येईना. आम्ही सगळे हसलो होतो तिला.'

खिरीचा नैवेद्य दाखवला. दूध उतरलेलं होतं. कालचं, वास घेतल्याशिवाय कळलं नसतं. मी खाल्ली.

रविवार, १४ ऑक्टोबर

या मुलखात एक चीज मिळतं, हँडकेझ म्हणून. ते मनुष्यानं का करावं, यावर मी पूर्वी एक पूर्ण पत्र लिहिलं आहे. काल दुकानात जाऊन मी ते मागून घेतलं, त्यातलंही मुरलेलं. ट्राममध्ये माझ्या शेजारची बाई उठून गेली.

स्वयंपाकघराचं दार लावलं आणि कागद उघडला. न धुता महिनाभर पेटीत ठेवलेले पायमोजे, खाली मेलेलं काहीतरी. यमुना टेबलाशी बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर घेऊन. मी बशी तिच्या नाकाशी धरली. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मी तिच्या नाकपुड्यांकडे बघत होतो. त्या आक्रसाव्यात, तिनं तोंड फिरवावं, 'शी' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

'नाही हो,' ती म्हणाली. मग मलाच समजावल्यासारखं, 'फार घाण आहे का?'

'फार.'

'सांगा तरी.'

मला सांगता येईना.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

नाक-कान-घशाचे डॉक्टर भला माणूस. नळी घालून पाहिलं, प्रकाश टाकून पाहिलं, आणि हसून म्हणाले, नाक उत्तम आहे, कसलाही दोष नाही. ही बातमी ऐकून इतकं वाईट वाटेल, असं वाटलं नव्हतं. कारणं पुष्कळ असतात, एखाद्या साध्या तापानंही वास जातो, हेही म्हणाले. मग घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, विचारलं. यमुनेनं आईचं सांगितलं. त्यांनी हसणं थांबवून मेंदूच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. तिथली टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, जानेवारीत मिळाली आहे. त्याआधी जागा नाही म्हणतात. नील रोज फोन करून लवकरची मागतो आहे. अपूर्वा शनिवारी येणार आहे.

संध्याकाळी यमुनेनं वरण केलं. नवरात्र आहे, नैवेद्याचं. सवयीनं झाकण उचललं, वाफ नाकावरून जाऊ दिली आणि तशीच उभी राहिली. मग पळी माझ्यापुढे धरली. मी चाखून अर्धा चमचा कमी आहे, सांगितलं. तिनं घातलं. उष्टं झालं खरं. देवीपुढे ते तसंच ठेवलं.

पुढचं पत्र संपादकांना रविवारपर्यंत हवंय. तंगड्यांसारखंच काहीतरी फक्कड, म्हणतात. बसून पाहिलं, सुचलं नाही.

सासूबाई मला विम्याचा एजंट समजायच्या, ही गोष्ट मी मंडळात, वर्गात, लग्नांत, वाटेल तिथं सांगत आलो. एक दिवस यमुना दार उघडेल आणि हप्ते भरलेत म्हणून मला परत पाठवील, याची मला भीती वाटते.